लिंबूटिंबूंची शर्यत

पहिला इशारा झाला आणि चौकातून जी माणसं पळत सुटली, त्यांत पांढऱ्याशुभ्र केसांचे एक आजोबा होते, हातमोजे घातलेल्या एक आजी होत्या आणि एक मुलगी होती. ती इतकी लहान, की नंबराच्या कागदाने तिचं पोट पुरतं झाकलं होतं. लोकांनी गलका असा केला, की शर्यत संपलीच असं वाटावं. मिनिटभराने दुसरा घोळका सुटला, मग तिसरा. दर मिनिटाला एक गट डोंगराच्या दिशेने नाहीसा होत होता. या सगळ्या वेळात मागे दोरीपाशी पंचविशीतली काटक पोरं जागच्या जागी उड्या मारत उभी होती. एकेकाच्या पोटऱ्या पिळलेल्या दोरखंडासारख्या. त्यांना अजून कुणी सोडलेलं नव्हतं.

"मामा, हे सगळ्यात वेगवान. म्हणून सगळ्यात शेवटी," भाची म्हणाली.

आमच्या लहानपणी गल्लीतल्या प्रत्येक खेळात एक लिंबूटिंबू असायचं. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर कुणाकडे सुट्टीत आलेली मावसबहीण. आईने दटावलं म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही. लिंबूटिंबूला खेळात जागा असते, निकालात नसते. इथे एका अख्ख्या गावाने सगळे लिंबूटिंबू एकत्र करून पुढे सोडले होते, आणि त्यांच्यातलं कुणीही आज पहिलं येऊ शकत होतं. तशी ती आलेलीही आहेत.

साताऱ्याहून मिल व्हॅलीला

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदाचा विषय फोनवर एका शब्दात सांगितला होता: शर्यत. मी साताऱ्याचा. आमच्याकडे यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून दर पावसाळ्याच्या शेवटी हिल मॅरेथॉन होते, त्या पहाटे अर्धं गाव रस्त्यावर असतं. तेव्हा माझ्याकडून त्याच विषयाची अपेक्षा असणार हे उघड होतं. पण जूनमध्ये भाचीकडे फ्रीमाँटला जायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या यवतेश्वरपेक्षा शंभर वर्षं जुनी शर्यत दाखवते, ये." तिने स्वतः दोन वर्षं अर्ज करून नकार पचवले होते आणि या वर्षी तिला प्रवेश मिळाला होता. मला विषय मिळाला आणि तिला टाळ्या वाजवायला हक्काचा माणूस.

शर्यतीचं नाव डिप्सी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गोल्डन गेट पुलापलीकडे, टॅमल्पायस नावाच्या डोंगराच्या कुशीत मिल व्हॅली हे चौदा-एक हजार वस्तीचं गाव आहे. डोंगराला सगळे लाडाने टॅम म्हणतात. उंची २५७१ फूट. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण टॅमचा पायथा अक्षरशः समुद्रात आहे, त्यामुळे त्याची सगळी उंची डोळ्यांत भरते. डोंगराच्या एका अंगाला मिल व्हॅली आणि दुसऱ्या अंगाला पॅसिफिकच्या काठावरचं स्टिन्सन बीच. गावातून निघायचं, डोंगराचा खांदा ओलांडायचा आणि समुद्रावर पोचायचं, एवढीच शर्यत. अंतर सुमारे बारा किलोमीटर, चढ सगळा मिळून बावीसशे फुटांच्या आसपास. जूनच्या दुसऱ्या रविवारी ती होते. रानवाटेवरच्या शर्यतींत अमेरिकेतली सगळ्यात जुनी असा तिचा लौकिक आहे.

गावाचं नाव गिरणीवरून पडलं. जॉन रीड याने इथे लाकूड कापायची गिरणी घातली होती, तिचा सांगाडा ओल्ड मिल पार्कमध्ये अजून जपून ठेवलाय. मग लाकूडतोड संपली आणि शहरातले लोक हवा खायला येऊ लागले. १८९६ साली डोंगरावर रेल्वे गेली. २८१ वळणांची ती गाडी, 'जगातली सगळ्यात वाकडी रेल्वे' अशी जाहिरात करून चालवली जायची. १९३० मध्ये ती बंद पडली. स्टेशनाची इमारत मात्र चौकात उभी आहे आणि तिच्यात कॉफी मिळते. आता हे गाव इतकं महाग झालंय, की भाचीच्या नवऱ्याने घरांच्या किमती सांगितल्यावर माझं कॉफीचा दर विचारायचं राहूनच गेलं.

पैज

१९०४ साली पूल नव्हता. तो यायला १९३७ उजाडलं. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने सॉसालिटोला यायचं, तिथून गाडीने मिल व्हॅलीला, आणि पुढे पाय. समुद्रकाठच्या वाळूच्या पट्टीवर 'डिप्सी इन' नावाची खाणावळवजा सराई नुकतीच उघडली होती. शहरातल्या ऑलिम्पिक क्लबचे सभासद तिथे पोहायला, जेवायला आणि अर्थात प्यायला जायचे. त्यांतल्या चार्ल्स बोआस आणि अल्फॉन्स कोनी या दोघांत पैज लागली, की स्टेशनपासून सराईपर्यंत आधी कोण पोचतो. बोआस जिंकला. बघायला आलेल्या दोस्तांना ती गंमत इतकी आवडली, की दरवर्षी करू असं ठरलं. मंडळाचं नाव त्यांनी 'डिप्सी इंडियन्स' ठेवलं. हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. आणि तेही नव्हेतच, कारण ज्यांचा हा डोंगर होता त्या मिवोक लोकांतलं त्या मंडळात कुणी नव्हतं. शहरी बाबूंनी हौसेने डोक्यात खोवलेली पिसं होती ती.

पहिली रीतसर शर्यत १९ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. जॉन हॅसर्ड नावाचा शाळकरी मुलगा जिंकला. सगळ्यात कमी वेळात डोंगर ओलांडणारा वेगळाच होता, कॉर्नेलियस कॉनली. हॅसर्डला आधी सोडलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या शर्यतीत दोन पहिले असतात. एक समुद्रावर आधी पोचलेला आणि एक सगळ्यात वेगाने पळालेला. हे दोघे एकच असण्याचा योग क्वचित.

पुढच्याच एप्रिलमध्ये भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं. त्या वर्षीही शर्यत झाली. खंड पडला तो पुढे: मंदीमुळे १९३२ आणि ३३, महायुद्धामुळे १९४२ ते ४५, आणि कोरोनामुळे २०२०. एवढेच.

सराई आता नाही. तिचं नाव वाटेला राहिलं, शर्यतीला राहिलं, आणि आता माणसांनाही लागतं. पोर वयात आलं की इथे विचारतात, 'तू डिप्सी केलीस का?'

पायऱ्या

शनिवारी भाचीने मला वाट दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे निम्मीच, कारण माझे गुडघे पंचांग बघून चालतात.

चौकापासून जेमतेम अर्धा किलोमीटर गेलं की ओल्ड मिल पार्कमागे पायऱ्या लागतात. तीन टप्पे, मिळून जवळपास सातशे. सज्जनगडाच्या पायऱ्या चढून वाढलेला माणूस मी, मनात म्हटलं, बघू. पहिल्या टप्प्याच्या मध्यावर मी एका पायरीवरची छोटी पाटी वाचायला म्हणून थांबलो. पायऱ्यांवर देणगीदारांच्या, आठवणींच्या अशा पाट्या बसवल्या आहेत, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर नावं असतात तशा. मी बऱ्याच वाचल्या. दमलेल्या माणसाला वाचनाची आवड फार.

या पायऱ्या लोकांच्या घरांमधून जातात. एका बाजूला कुणाचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला कुणाच्या बागेचं कुंपण. टप्पा संपला की थोडा डांबरी रस्ता, की पुन्हा पायऱ्या. शर्यतीच्या दिवशी इथे पळणारा कुणी नसतो. सगळे हात मांड्यांवर टेकवून चढत असतात आणि घरातली माणसं दारात खुर्च्या टाकून बघत असतात. भाची म्हणाली, "इथे जो पळतो तो पुढे रडतो." हे वाक्य तिचं नव्हे, तिला कुणीतरी सांगितलेलं. नंतर तेच मी आणखी दोघांच्या तोंडून ऐकलं.

पायऱ्या संपल्यावर विंडी गॅप, म्हणजे वाऱ्याची खिंड. तिथून वाट पलीकडच्या दरीत उतरते, म्यूर वुड्सच्या रेडवुडच्या जंगलाकडे. हे जंगल विल्यम केंट या स्थानिक श्रीमंताने तोडीपासून वाचवायला १९०५ मध्येच विकत घेतलं आणि सरकारला देऊन टाकलं. १९०८ साली ते राष्ट्रीय स्मारक झालं. स्वतःचं नाव द्यायला केंटनी नकार दिला आणि निसर्गाभ्यासक जॉन म्यूर यांचं सुचवलं. झाडांच्या बुंध्याशी उभं राहिलं की वर बघताना टोपी पडते.

यापुढच्या टप्प्यांची नावंच त्यांची हकिगत सांगतात. दरीत उतरायची एक आडवाट आहे, तिचं नाव 'आत्महत्या'. ओढा ओलांडला की 'डायनामाइट' हा चढ. मग उघड्या सोंडेवरून जाणारा 'हॉग्जबॅक', डुकराची पाठ. मग धुक्याने कायम ओलं असलेलं 'रेनफॉरेस्ट', आणि सगळ्यात वर, साधारण १३६० फुटांवर, 'कार्डिॲक'. हृदयविकार. तिथून पहिल्यांदा समुद्र दिसतो. मग 'स्टीप रव्हीन'च्या घळीतल्या ओल्या, मुळांनी भरलेल्या पायऱ्या उतरायच्या. सगळा चढ संपला अशी खात्री पटलेली असताना एक छोटासा चढ पुन्हा समोर येतो. त्याचं नाव 'इन्सल्ट'. अपमान. मला या शर्यतीतलं सगळ्यात अचूक नाव हेच वाटलं.

आणखी एक गोष्ट ऐकून मी चाटच पडलो. वाट पूर्णपणे ठरलेली नाही. काही भाग बंद केलेत, काही ठिकाणी ठरलेल्या मार्गानेच जावं लागतं, पण इतरत्र जवळची वाट धरायला मुभा आहे. त्यामुळे जुन्या खेळाडूंकडे पिढ्यान्पिढ्यांची गुपितं असतात. कुठल्या झाडापाशी डावीकडे घुसायचं, कुठल्या वर्षी कुठली पायवाट झुडपांनी भरली, हे सगळं. गुरुवारी संध्याकाळी जुना खेळाडू एकटाच डोंगरावर गेला तर समजायचं, काहीतरी शोधतोय. चुकलात तर पॉयझन ओकच्या जाळीत. आपल्या खाजकुयलीचीच जात समजा, फरक इतकाच की हिची खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि पंधरा दिवस मुक्काम करते.

मिनिटांचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे. कुणाला किती मिनिटं आधी सोडायचं?

सुरुवातीची साठ वर्षं एक समिती प्रत्येक खेळाडूची कुवत बघून त्याची मिनिटं ठरवायची. गेल्या वर्षी चांगला पळालास, यंदा मिनिटं कमी. नवखा आहेस, घे जास्त. या पद्धतीत काय होणार ते गावातल्या कुस्त्यांच्या जोड्या लावताना पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. ज्याला त्याला आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं आणि ज्याची कुवत जास्त तो ती लपवून ठेवतो. १९६५ मध्ये ही पद्धत मोडीत काढली आणि वय हा निकष आला. माणसाचा वेग लपवता येतो, जन्मतारीख लपवणं अवघड. पुढे बायका आल्या तेव्हा वयाच्या जोडीला लिंगही आलं.

आता ऐन विशीतले पुरुष 'स्क्रॅच', म्हणजे शून्य मिनिटांवर. त्यांच्या आधी एकेका मिनिटाच्या पायरीने बाकीचे सगळे. सगळ्यात म्हाताऱ्यांना आणि सगळ्यात लहानांना जास्तीत जास्त पंचवीस मिनिटं. कोष्टक वर्षानुवर्षांच्या निकालांवरून घासूनपुसून बनवलेलं आहे आणि अधूनमधून बदलतात. शिवाय अलीकडच्या विजेत्यांना दंड आहे: जिंकलात, की पुढच्या वेळी मिनिट कापलं. हा दंड म्हणजे मानच.

हिशेब बरोबर आहे का याची परीक्षा एकाच गोष्टीने होते. जिंकणारे कुठल्या एका वयाचे असतात का? २०१० साली शंभरावी शर्यत झाली, ती आठ वर्षांच्या रायली जॉन्सनने जिंकली. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, हान्स श्मिड जिंकले. वय ७२. दोघांच्या वयात चौसष्ट वर्षांचं अंतर, आणि दोघांनाही तोच मान. सॅल व्हास्केझ सात वेळा जिंकले, पहिल्यांदा १९८२ मध्ये आणि शेवटी १९९७ मध्ये. वय वाढत गेलं, मिनिटं वाढत गेली, माणूस जिंकत राहिला. नॉर्मन ब्राइट यांनी १९३७ साली ४७ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला होता. ते १९७० मध्ये पुन्हा आले आणि साठाव्या वर्षी शर्यत जिंकून गेले.

नुसत्या वेगाचं म्हणाल, तर १९७४ मध्ये रॉन एलायजा ४४ मिनिटं ४९ सेकंदांत पोचला होता. त्यानंतर वाटेत फेरफार झाले, पण तो आकडा अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. वेगवान पोरांसाठी सगळ्यात कमी वेळाचा वेगळा चषक असतो. तरी त्या दोरीपाशी उड्या मारणाऱ्यांतल्या एकाला मी विचारलं, की तुला हे अन्यायाचं वाटत नाही का? तो म्हणाला, "इतर शर्यतीत माझ्यासमोर मोकळा रस्ता असतो. इथे माझ्यापुढे हजार माणसं आहेत, आणि मला त्या प्रत्येकाला गाठायचंय." एवढं बोलून तो पुन्हा उड्या मारायला लागला. हजार हा आकडा त्याने फुगवून सांगितला असावा.

गाठणं हे बोलायला सोपं. वाट एका माणसाच्या रुंदीची. मागून येणारा दरीच्या अंगाने घुसणार आणि ओरडणार, "डावीकडून!" पुढच्याने अंग चोरून वाट द्यायची. समोर सत्तर वर्षांच्या आजी असतील तर ओरडण्यात थोडी अदब येते, एवढंच. आजीही कमी नसतात. पायऱ्यांवर एका बाईंनी मागच्या तरुणाला ऐकवलेलं भाचीने मला नंतर सांगितलं: "घाई असेल तर लवकर म्हातारा हो."

बायकांची 'सहल'

मी इथवर ज्या न्यायाचं कौतुक केलं, त्यात एक मोठं भोक होतं. १९०५ पासून लहान-मोठे, वेगवान-संथ, सगळ्यांचा विचार झाला. बायकांचा झाला नाही. बायकांना पळायचीच मनाई होती.

मग १९१८ मध्ये एक तोडगा निघाला. खेळांच्या नियामक संघटनेचा विरोध होता तो बायकांच्या शर्यतीला, म्हणून तिला शर्यत म्हणायचंच नाही असं ठरलं. नाव ठेवलं 'डिप्सी विमेन्स हाइक'. सहल! वाट तीच, पायऱ्या त्याच, सोडणं तसंच, घड्याळ लावलेलं. एडिथ हिकमन ती सहल जिंकली. वर्तमानपत्रांनी गर्दी केली. पाच वर्षं हे चाललं आणि १९२२ नंतर बंद पडलं. स्त्रियांच्या शरीराला हे झेपणार नाही असं म्हणणारे प्रतिष्ठित लोक तेव्हा तिकडेही पुष्कळ होते. ज्या बाया डोंगर ओलांडून समुद्रावर उभ्या होत्या, त्यांना कुणी विचारलं नसावं.

रीतसर प्रवेश मिळाला तो १९७१ मध्ये. सहासष्ट वर्षांनी. बॉस्टन मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृतपणे घेतलं त्याच्या एक वर्ष आधी, हे मान्य केलं तरी उशीर तो उशीरच. आणि दार उघडल्यावर काय झालं? तिसऱ्याच वर्षी, १९७३ मध्ये, मेरी एटा बोइटानो ही दहा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या आधी समुद्रावर पोचली. झेपत नाही म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

जॅक कर्क

गावात शिरल्यापासून एक नाव सारखं कानावर येत होतं. वारीत जुन्या दिंडीकऱ्याचं येतं तसं.

जॅक कर्क १९३० साली पहिल्यांदा डिप्सी पळाले. तेव्हा तेवीस वर्षांचे होते. मग १९३१. मग दोन वर्षं शर्यतच नव्हती. मग युद्धापर्यंत दरवर्षी, आणि युद्धानंतर पुन्हा दरवर्षी, २००२ पर्यंत. एकही शर्यत न चुकवता सदुसष्ट. १९५१ मध्ये जिंकले, पुन्हा १९६७ मध्ये साठाव्या वर्षी जिंकले. लोक त्यांना 'डिप्सी डीमन' म्हणायचे, म्हणजे डिप्सीचा समंध. शहराबाहेर लांब, मॅरिपोसाकडच्या डोंगरात एकटे राहायचे, आणि जूनमध्ये जुन्या फोक्सवॅगनमधून मिल व्हॅलीत अवतरायचे. शेवटच्या वर्षांत त्यांना डोंगर ओलांडायला अर्धा दिवस लागे. स्वयंसेवक वाटेत उभे राहत, जेवण झालेलं असे, मांडव निघालेला असे, तरी टाळ्या वाजवायला काही माणसं थांबत. २००३ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी ते निघाले, पण त्या खेपेला समुद्रापर्यंत पोचणं झालं नाही. २००७ च्या जानेवारीत गेले, वयाची शंभरी पार करून.

पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून बसलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं, की त्यांच्या लहानपणी जॅक कर्क दारावरून गेला की आई नाश्त्याला हाक मारायची. मला ही आठवण थोडी रंगवलेली वाटली. पण ज्या गावात माणसाचा उपयोग घड्याळासारखा होतो, तिथे आठवणी रंगणारच.

पाकीट आणि 'लाच'

पळणारे फक्त पंधराशे. वाट म्यूर वुड्समधून, राज्याच्या उद्यानातून आणि राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातून जाते, त्यामुळे परवान्यांची मर्यादा आहे आणि जंगल यापेक्षा जास्त पाय सोसणारही नाही. मग इच्छुक हजारो असताना कुणाला घ्यायचं?

गेल्या वर्षी चांगले आलेल्यांना आमंत्रण असतं. ते आधी सुटतात, बाकीचे सगळे त्यांच्या मागून, पुन्हा मिनिटांच्या त्याच क्रमाने. बाकीच्यांसाठी तीन वाटा असायच्या. पहिली, अर्ज टपालाने आधी पोचवणं. ईमेलच्या काळातही कागदाचा अर्ज, पाकीट, तिकीट लागायचं! म्हणून मिल व्हॅलीच्या टपाल कचेरीपाशी त्या दिवशी गर्दी उसळायची, आणि जवळ राहणाऱ्याला फायदा मिळायचा, हे उघड आहे. ही शर्यत गावाची आहे आणि ते कुणी लपवतही नाही. दुसरी वाट सोडत. तिसरी वाट मला फार आवडली. तिला ते सरळ 'लाच' म्हणायचे. फीच्या वर जास्तीत जास्त देणगी द्या, किंवा समितीच्या डोळ्यांत पाणी येईल असं पत्र लिहा. पैसे शर्यतीच्या आणि वाटेच्या कामाला जातात, शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्याही मिळतात. लाच उघड मागितली की तिला देणगी म्हणता येतं हा शोध आपल्याकडे कुणाला कसा लागला नाही, याचं नवल वाटतं.

भाचीने पहिल्या वर्षी रडकं पत्र लिहिलं होतं. ते मी वाचलं. त्यात माझ्या गुडघ्यांचा उल्लेख होता. नकार आला हे योग्यच झालं. यंदा तिला सोडतीत मिळालं.

वेड इथेच थांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतले विटा-चुना वाहणारे मजूर आणि धावण्याच्या चळवळीतले खंदे कार्यकर्ते वॉल्ट स्टॅक यांनी १९७० मध्ये 'डबल डिप्सी' सुरू केली, तीच वाट जाऊन-येऊन. त्यानेही समाधान होईना म्हणून पुढे 'क्वाड' आली: दोनदा जायचं, दोनदा यायचं. कशासाठी, असं मी विचारलं नाही. पंढरीला पायी जाणाऱ्याला कुणी एसटीचं वेळापत्रक दाखवत नाही.

स्टिन्सन बीच

आमंत्रितांतली स्क्रॅचची पोरं सुटलेली पाहून आम्ही गाडीत बसलो. भाची सोडतवाल्यांत, त्यामुळे तिचा गट अजून सुटायचा होता. ती रांगेतूनच ओरडली, "मामा, पाणी पी." पळणार ती आणि पाणी मी प्यायचं. घाटातल्या वळणांवरून तिच्या नवऱ्याने गाडी हळू घेतली. तरी वाटेत एका वळणावर मला उतरावं लागलं आणि त्याचा तपशील दिवाळी अंकात नको.

त्यात गाडी लावायला जागा मिळेना. परिणामी, पहिलं कोण आलं ते मी पाहिलंच नाही. एवढ्या लांबून येऊन शर्यतीचा विजेता न पाहिलेला मी बहुधा एकटाच वार्ताहर असेन. मैदानाशी पोचलो तेव्हा काळे टी-शर्ट वाटून झाले होते. पहिल्या पस्तीसांना काळा टी-शर्ट मिळतो, त्यावर क्रमांक असतो. गावात कुणी तो घालून भाजी आणायला आला तर लोक रांगेत पुढे जाऊ देतात, असं मला एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, "खोटं आहे, पण बघतात मात्र."

मग मी कुंपणाला टेकून उभा राहिलो आणि येणारे बघत राहिलो. सगळ्यांचे गुडघे चिखलाने माखलेले. एकाच्या कोपरातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. बारा वर्षांचा एक मुलगा पोचला, वळला आणि आलेल्या वाटेकडे बघत उभा राहिला. पाचेक मिनिटांनी त्याचे वडील आले. वडिलांनी काही बोलण्याआधी मुलाने खांद्यावर थोपटलं. आमच्या घरात असं थोपटून घेण्याची माझ्या वडिलांवर वेळ आली नाही, आणि मी ती आणलीही नाही. त्यांच्या माझ्यात जे काही अंतर होतं, ते कुणी मिनिटांत मोजून पुढे-मागे सोडून बघितलं असतं तर, असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं.

इथे जो पोचतो त्याला आपल्या पुढच्या माणसाविषयी नक्की काय वाटतं हे मला उमगायला वेळ लागला. साध्या शर्यतीत तुमच्या आगेमागे पळणारे तुमच्याच वेगाचे, बहुतेक तुमच्याच वयाचे असतात. सुटल्यानंतर दोन किलोमीटरांत माणसं आपापल्या जातीत विभागली जातात. इथे शेवटी, समुद्राचा वास यायला लागल्यावर, तुमच्या शेजारी कोण असेल याचा काही नेम नाही.

भाची आली तेव्हा तिच्या केसांत फांदी अडकलेली होती आणि पोटरीवर ओरखडा होता. तो पॉयझन ओकचा नसावा अशी प्रार्थना आम्ही केली. दुसऱ्या दिवशी कळलं की होता. तिच्या पुढे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, शेवटच्या वळणापर्यंत हिने तिचा पाठलाग केला आणि तिने हिला काही वाट दिली नाही. हिच्या मागोमाग सत्तरीतले एक आजोबा आले आणि रेषा ओलांडताच गवतावर आडवे झाले. मी घाबरून पुढे झालो, तर ते डोळे मिटूनच म्हणाले, "बरा आहे. आभाळ बघतोय."

तिघांत डोंगरावर सगळ्यात कमी वेळ भाचीने घालवला होता आणि सगळ्यात जास्त आजोबांनी. संध्याकाळी निकालाची यादी आली, तीत त्या तिघांचे क्रमांक लागोपाठचे होते. भाचीचा मधला.